खंड्याचे कान

आधी माफी मागतो. इथे लिहिण्याची माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तोही पनवेलला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला... त्यामुळे चुका सांभाळून घ्याव्यात. दुसरी माफी अशी की या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचले. लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा — या सगळ्यांना नेमकी अमावास्याच कशी सापडते? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

आम्ही करंजाचे. माझा दादा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. खंड्या हा त्याचा कुत्रा, गावठी, आता म्हातारा. दादाची बोट बंदरात शिरायच्या आधीच खंड्या ओट्यावरून उठायचा, समुद्राकडे तोंड करून शेपटी हलवत बारीक आवाजात कुंईकुंई करायचा. ते पाहून आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची. त्याला इंजिनाचा आवाज लांबून ओळखू येतो, एवढाच मी त्याचा अर्थ घ्यायचो.

मग एका वादळात दादाची बोट गेली ती परत आली नाही. शोधणारे थकले, शेजारी यायचे थांबले. खंड्या मात्र रोज संध्याकाळी उठायचा आणि आई रोज आधण ठेवायची. दादाच्या वाटचा भात सकाळी कोंबड्या खायच्या.

बाबा नाहीत, त्यामुळे घरात शब्द काकांचा. त्यांनी ठरवलं — देह मिळाला नाही तर गवताचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायचं आणि वहिनीच्या बांगड्या उतरवायच्या.

वहिनी म्हणाली, "खंड्या उठायचा थांबला की मी सोता फोडीन. तवर कोनी हात लावू नका."

"कुत्र्याच्या भरवशावर सवाष्ण!" काका पचकन थुंकले. "आनि कुत्रा पन कसला, तं बहिरा!"

काकांचा मला तिटकारा होता, पण इथे मला त्यांचंच पटलं. शेजारी लग्नात फटाक्यांची माळ लावली तरी खंड्याने मान वळवली नव्हती. रोजचं उठणं ही नुसती सवय, दुसरं काय. मी वहिनीला तसं समजावलं.

"मंग दावा शिद्द करून, भावजी," ती म्हणाली. "मशिनीनं बहिरा सांगितला तं मी काकांचा आयकीन."

नवीन पनवेलला प्राण्यांच्या दवाखान्यात कानांची तपासणी होते, असं मला मित्राकडून कळलं होतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "कुत्र्याच्या कानाला डाक्टर! येताना बोंबलांचे डोले पन तपासून आन, साहेब."

मिनीडोर रिक्षातून खंड्याला घेऊन मी आणि वहिनी निघालो. दवाखान्यात गुबगुबीत, शाम्पूचा वास येणारे कुत्रे बसले होते. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "ब्रीड कोणती?" मी म्हटलं, "गावठी." तिने पेन खाली ठेवलं. एका बाईंनी आपला कुत्रा उचलून मांडीवर घेतला. वहिनीच्या अंगाला सुकटीचा वास येत होता म्हणून, की खंड्याला खरूज असेल म्हणून, कोण जाणे.

आमचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी खंड्याच्या डोक्याच्या कातडीत बारीक सुया अडकवल्या आणि कानात आवाजाच्या नळ्या घातल्या. आवाज कानाला कळला की लॅपटॉपवरच्या रेषेत लाटा उठतात. डावा कान झाला, उजवा झाला. रेषा सपाट.

"दोन्ही कान गेलेत," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण."

वहिनीने बांगड्या पदराखाली घेतल्या. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही... मला हवं तेच सिद्ध झालं होतं ना?

डॉक्टरांनी मशीन बंद करून सुया काढल्या. तेवढ्यात खंड्या टेबलावर उभा राहिला. दार सोडून कोऱ्या भिंतीकडे वळला, शेपटी हलवायला लागला — आणि तेच कुंईकुंई. खोलीला खिडकी नव्हती. समुद्र तर कुठल्या कुठे राहिला. पण ती भिंत पश्चिमेची होती.

"काहीतरी वास आला असेल," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. "नेक्स्ट!"

वहिनीने तिथूनच आईला फोन लावला. "आई, आधन ठेवा."

पलीकडून आई म्हणाली, "कवाच ठेवलाय."

बाहेर आल्यावर मी चाचरत म्हटलं, "वहिनी, तुम्ही शब्द दिला होता. त्याला ऐकू येत नाही."

"नाय ना येत?" ती म्हणाली. "मंग त्यानं इंजिन आयकला नाय. त्याला दुसऱ्या कशानंतरी कळला."

घरी येऊन मी काकांना सगळं सांगितलं. "शिकून पुतन्या पन येडा झाला," असं ते गावभर सांगत फिरले आणि क्रियाकर्माचा दिवस त्यांनी स्वतःच धरला.

नेमकं त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. खरं सांगतो, नसतं तरी मी गेलो नसतो. बाहेर येऊन मोबाइल चालू केला, तर वहिनीचे कितीतरी मिस्ड कॉल. लगेच तिला फोन लावला.

"भावजी..." ती म्हणाली, "पुतला बांधीत व्हते, तवाच काकांचा फोन वाजला. तुमच्या दादांना जहाजानं उचलला व्हता, लांब परदेशात नेऊन उतरवला. जित्ते हायत. बोलले माझ्याशी."

खंड्याच्या उठण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही. किती वेळ आम्ही दोघं नुसते रडत होतो.

मग ती म्हणाली, "आनि आयका ना... सांज झाली, पन खंड्या आज उठलाच नाय. त्याचा काम झाला, गुपचूप घोरत पडलाय."