खाजगीचा रकाना

शाळेच्या मधल्या सुट्टीत तार आली. 'बाई गेल्या. ताबडतोब या. नामदेव.' नामदेव म्हणजे नाशिकला माझ्या थोरल्या बहिणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तार हातात असताना मनात आलेला पहिला विचार लिहायला लाज वाटते, पण आज दीड महिन्यानंतर लपवून तरी काय करू... मनात आलं, आता गाडी कोणाला? रडू त्यानंतर आलं.

ताई, म्हणजे डॉक्टर सुमन, बाळंतपणं करायची. लग्न केलं नाही. वडिलांच्या कारकुनीच्या पगारात एकीलाच डॉक्टर करता येत होतं. थोरली म्हणून ती झाली, मी डी.एड. झाले. जणू तिनंच ते ठरवलं होतं, अशा रागात मी पुढची सगळी वर्षं काढली. त्यात तिनं जुनी फियाट घेतली. पिंपळगाव, विंचूरपर्यंत अडलेल्या बायकांना बघायला स्वतः चालवत जायची. "गाडी मळ्यात शिरली की म्हाताऱ्या म्हणत्यात, डॉक्टरीणबाई आली, आता काय काळजी नाय," असं नामदेव रंगवून सांगायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. मी तेव्हा तिच्याचकडे राहून नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि शाळेत पायी जात होते.

गाडीचं पेट्रोल, दुरुस्ती, घसारा हे सगळं व्यवसायाच्या खर्चात दाखवता येतं, पण गाडी घरच्या कामाला जितकी फिरली तितका भाग वजा होतो. म्हणून इन्कम टॅक्सच्या वकिलांनी ताईला फेऱ्यांची वही ठेवायला सांगितली. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कारण आणि शेवटी दोन रकाने: व्यवसाय, खाजगी. ताईचं अक्षर डॉक्टरी, म्हणून दर रविवारी तिच्या चिठ्ठ्यांवरून वही उतरवायचं काम माझ्याकडे आलं. ज्या गाडीत बसायला मिळत नव्हतं तिचे किलोमीटर मी मांडत होते! खाजगीचा रकाना महिनोन्‌महिने कोरा. वकील म्हणाले, "बाई, इतकं कोरं इन्कम टॅक्सच्या साहेबांना पटत नाही. चार देवदर्शनं तरी टाका." ताई म्हणाली, "न केलेलं देवदर्शन लिहू? त्यापेक्षा त्यांना कापायचं ते कापू दे." मी लगेच म्हटलं, "मग मला त्र्यंबकला ने ना, रकाना खराच भरेल." "पुढच्या रविवारी नक्की, कुंदे." पुढच्या रविवारी विंचूरला कोणीतरी अडली. मी तणतणत एस.टी.नं त्र्यंबकला जाऊन आले आणि प्रसादाची पुडी तिच्यापुढे आपटली.

मग माझं लग्न झालं आणि मी नांदगावला आले. मुलाच्या बारशाला ताई गाडी घेऊन आली. झालं! बाळ पाळण्यात राहिलं आणि सगळी गल्ली गाडीभोवती. बाई माणूस एवढ्या लांबून गाडी चालवत आली म्हणून माझ्या सासूबाईसुद्धा कौतुकानं तिच्याकडे बघत राहिल्या. मला ते सोसेना. ओटी भरताना मी तिच्या कानाशी म्हणाले, "गाडी मिरवायला येत असशील तर माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस." तिनं बाळाची टोपी नीट केली आणि निघाली.

त्यानंतर ती यायची, पण दर वेळी दारातूनच सांगायची, "मनमाडला केस होती गं. म्हटलं पुढे येऊन डोकावावं." गाडी लांब, बाजारापाशी लावून चालत यायची. चहा घ्यायची, मुलाचा घसा बघायची, अर्ध्या तासात परत. मी मनात म्हणायचे, मनमाडची बाई अडली तरच हिला बहीण आठवते. त्या कधी न पाहिलेल्या बायांचा मी किती दुस्वास केला! एकदा तर तिला म्हणालेही, "तुझ्या पेशंटांचे उपकारच म्हणायचे." ती हसली आणि कपबशी विसळायला उठली.

तेराव्यानंतर दवाखाना आवरताना नामदेवनं ती वही माझ्या हातात दिली. वकिलांना शेवटचं रिटर्न भरायचं होतं. माझ्या लग्नानंतर ताई स्वतःच वही लिहीत होती. ते वाकडंतिकडं अक्षर लावत मी मनमाड शोधत होते. ते कुठेच नव्हतं. "नामदेव, मनमाडच्या केसेस दुसऱ्या वहीत आहेत का?"

"मनमाड? मनमाडला आपली एकबी केस नव्हती, कुंदाताई. बाई तिकडं कुणाकडं जातील?"

मी पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. इतकी वर्षं कोरा राहिलेला तो रकाना आता भरलेला होता. नाशिक ते नांदगाव आणि परत. कारण: कुंदा. खाजगी. खाली पुन्हा तेच. पान उलटलं, पुन्हा तेच...

वही अजून माझ्याच टेबलावर आहे; वकिलांचा निरोप दोनदा येऊन गेला. दर वर्षी ती साहेबांपुढे जायची. ताई माझ्याशी खोटं बोलत होती आणि त्यांना खरं सांगत होती. मी त्यांना पाहिलेलंही नाही, पण आता मला त्या साहेबांचा हेवा वाटतो.