नेल्डाचं पाणगवत

अलाबामाच्या आमच्या या कोपऱ्यात नेल्डा क्रॅब्ट्रीला ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही. एकतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली. निवृत्त झाली ती थेट तळ्यावरच आली, आणि तळ्यातही उत्तर टोकाच्या पाणगवतात.

हे गवत उन्हाळ्यात असं माजतं की बगळा त्यावरून रमतगमत जातो. बोटींचे पंखे मात्र अडकतात. म्हणून काठावरच्या नव्या बंगलेवाल्यांनी औषध फवारून ते मारायचं ठरवलं, आणि आमच्या मासेमारी मंडळाचा अध्यक्ष रॉयस हॅगूड त्यांना सामील झाला.

बोटीवरचं सोनार यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र पडद्यावर काढतं. गवतात त्याचा पडदा गच्च भरून जायचा. मंडळाच्या बैठकीत रॉयस म्हणाला, "नुसती भिंत आहे. आत एक बास मासा नाही."

"चौथीत असताना तू बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचास," नेल्डा म्हणाली. "तेव्हाही तुला समोरचं दिसत नव्हतं."

सगळे हसले. रॉयसचे कान लाल झाले. "मग दाखवाच, मिस नेल्डा! शनिवारच्या स्पर्धेत तिथून पाच मासे आणा. जिवंत. आणलेत तर मंडळ फवारणीच्या विरोधात सही करेल."

"सगळ्यांसमोर बोललास. आता मागे फिरू नकोस."

शनिवारी तिच्या बोटीत मागच्या खुर्चीवर मी होतो. गवतात शिरल्यावर तिनं यंत्राची संवेदनक्षमता कमी केली. अगदी कमी.

"अगं, उलटं काय करतेस?"

"जास्त दिसावं म्हणून लोक वाढवतात. मग गवताचं पानन्पान ओरडतं. त्याला गप्प कर, म्हणजे मासा बोलतो."

पडद्यावरचा धूर हळूहळू विरला. वर गवताचं छप्पर, खाली मोकळी खोली, आणि त्या खोलीत तिरप्या जाड रेघा. नेल्डानं आमिषाचा पाण्यावर नाचणारा रबरी बेडूक काढून बाजूला ठेवला. दोरीला जड वजन आणि रबरी खेकडा बांधून तिनं तो छपराला भोक पाडत सरळ खाली सोडला. दोरी ताठ झाली तशी गळकाठी कमानीसारखी वाकली.

अकरापर्यंत चार मासे बोटीतल्या टाकीत फिरत होते. पाचवा दुपारी दोनला लागला आणि गवताला दोरीचं वेटोळं घालून बसला. ओढलं तर दोरी तुटणार. नेल्डा बोटीच्या पुढच्या टोकावर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मूठमूठ गवत उपटत राहिली. शेवटी माशाचा जबडा अंगठ्यात धरून वर आली. केसांत शेवाळ, हाताला ओरखडे.

वजनकाट्यावर आम्ही सातवे आलो. रॉयस हसला, "हरलात की, मिस नेल्डा."

"तू वजन मागितलं नव्हतंस. पाच मागितलेस, जिवंत मागितलेस. मोज."

त्यानं मोजले. पाचही शेपट्या हलत होत्या. तिथेच, सगळ्यांदेखत, त्यानं सही केली.

बाकीच्यांनी आपले मासे धक्क्याजवळच पाण्यात सोडले. नेल्डा तिचे पाच त्यांच्या गवतात सोडायला उत्तर टोकाला निघाली, तेव्हा एका बंगल्याच्या ओट्यावरून बाई ओरडली, "आता आमच्या बोटी कुठून जायच्या?"

"वळसा घालून!" नेल्डा म्हणाली, आणि बोट गवतात घातली.