पायरीवर बसून रडणारा

शिवयोगी सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. माणूस अबोल, कामाला पक्का. शहात्तर साली त्याच्या बायकोच्या, नागव्वाच्या, मेंदूत ताप चढला. पंधरा दिवसांनी ती उठून बसली, शेजारणीला नावानं हाक मारली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "हे कोण? ह्यांच्यासारखंच दिसतंय, पण हे ते नव्हं."

आधी सगळे हसले. मग कुणी हसेना. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शिवयोगीनं लग्नातला फोटो दाखवला, दंडावरचा भाजल्याचा डागही दाखवला. "लई हुबेहूब केलंय की," ती म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली. तेव्हापासून तो ओसरीवर निजायचा. भाकरी थापून उंबऱ्याशी ठेवायचा. तो कामावर गेला की ती खायची.

पुढच्या उन्हाळ्यात मॅटिनीला एक इंग्रजी पिक्चर लागला. आभाळातून काहीतरी बर्फात उतरतं, माणसं मारतं, मारलेल्याचं रूप घेतं. शेवटी एकाच्या रूपात ते त्याच्या घरी जातं. हा आपला नवरा नव्हे, हे बायको ओळखते, दार लावते. भिंती फोडणारं ते धूड मग पायरीवर बसून रडतं. शिपाई गोळ्या घालतात, तरी हलत नाही.

"पाच जणांना फाडलं की त्यानं," टॉकीजच्या दारावरचा चनमल्लप्पा रोज खेळ सुटला की विचारायचा. "मग बाईला का सोडलं? आन् रडतंय कशाला? पब्लिक मला विचारतंय!"

इंग्रजी शिवयोगीलाही येत नव्हतं. प्रोजेक्टरच्या खोलीच्या झरोक्यातून त्यानं ते रडणं सहा दिवस पाहिलं. सातव्या दिवशी मॅटिनी संपल्यावर तो घरी आला, बंद दाराला पाठ टेकून बसला आणि सगळी गोष्ट नागव्वाला सांगितली. ती ऐकते आहे की नाही, ते कळेना.

"मग का रडलं असंल ते?" त्यानं शेवटी विचारलं.

कडी निघाली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्या इतकी जवळ उभी राहिली.

"त्याला म्हाईतच नसंल," ती म्हणाली. "आपण दुसरंच कुणी हाय, हे त्याला कुटं ठाऊक? त्याला वाटलं, आपल्याच घरी आलोय."

शिवयोगीला वाटलं, आता ओळखेल.

"तुमचं बी तसंच झालंय," ती हळू म्हणाली. "उगंच भ्याले मी तुमाला. तुमी वाईट न्हाय. आत या, जेवा. आमचं हे येतील तवर ऱ्हावा, अण्णा."

अण्णा. थोरल्या भावाला म्हणतात तसं.

मी तुझा नवरा आहे, हे त्याचं हजारदा सांगून झालं होतं. तो आत गेला, तिनं वाढलेल्या ताटावर बसला. ती दाराकडं बघत होती, वाट पाहत. त्यानं घास उचलला.

चनमल्लप्पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला न्हाय कळलं."