वन्संच्या बोटांना चालेल असा लॅपटॉप

माझी नणंद अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि गेली तीस वर्षं ती एका हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्या एवढ्याशा पोरीला 'वन्सं' म्हणताना मला हसू फुटायचं, पण सासूबाईंचे कान तिखट होते. मग तेच तिचं नाव पडलं. हाक मारायची 'वन्सं' आणि पुढे म्हणायचं 'अगं गाढवा', असं आमचं सेहेचाळीस वर्षं चाललंय.

सोळाव्या वर्षी तिने गणितात गटांगळ्या खाल्ल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने तिला टायपिंगच्या क्लासात घातलं. तिथले मास्तर शिकणाऱ्यांच्या हातांवर टॉवेल पसरायचे. बटणांवरच्या अक्षराकडे बघायचं नाही, उमटणाऱ्या कागदाकडेही नाही. चूक बोटाला कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वन्संच्या बोटाला ती कळायला लागली. लोखंडी टाइपरायटरवर शिकलेलं ते बोट, ते आजही बटण दाबत नाही, हाणतं.

तिची कामाची खोली म्हणजे यंत्राच्या खोलीशेजारचा बिनखिडकीचा कप्पा. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं सुरू, सोडलं की बंद. "माझ्या पायाच्या इशाऱ्यावर गप्प बसणारा जगातला एकमेव पुरुष," असं ती म्हणते. डॉक्टर लाह्या फुटाव्यात तसे बोलतात. ती डोळे मिटून टाइप करते, आणि मधेच उठून त्यांच्या दारात उभी राहते. "डॉक्टर, सुरुवातीला उजवं मूत्रपिंड म्हणालात, शेवटी डावं. नक्की कुठलं?" असं तिने तीस वर्षांत शेकडो वेळा विचारलं असेल. बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर घ्या म्हणून वरचे लोक डॉक्टरांच्या मागे लागले होते. डॉक्टर म्हणाले, ते उजवं-डावं विचारायला येत नाही. वन्संची खुर्ची शाबूत राहिली ती एवढ्यावर.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा परदेशातून फोन आला. मुलगी तिकडे एकटीच राहते. जिन्यावरून पडून मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हायची, आणि चालायला लागेपर्यंत आठ महिने. मैत्रीण महिनाभर सांभाळणार होती. पुढे कोण? वन्संचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. पुढे वन्संच.

आठ महिने रजा कोण देणार? डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. "लॅपटॉप घ्या, पंधरा दिवस इथेच घरून काम करून दाखवा. जमलं तर तिथून करा, खुर्ची तुमची. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे." अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेली नोकरी परत मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. निघायला तीन आठवडे उरले होते.

लॅपटॉप घ्यायला मी बरोबर गेले, आणि इथे माझा गुन्हा कबूल करते. दुकानात सत्तावीस लॅपटॉप उघडे मांडलेले. मधल्या वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला विक्रेता आम्हाला पडद्यांची चमक दाखवत होता. वन्सं पडद्याकडे बघतच नव्हती. एकेका लॅपटॉपपुढे डोळे मिटून उभी राहायची आणि बोटं आपटायची. लोक बघायला लागले.

"मॅडम, जरा हलकी बोटं ठेवा. पियानो नाहीये तो."

"पियानोवर चूक झाली तर माणूस मरत नाही," ती डोळे न उघडता म्हणाली.

मुलगी फोनवरून सूचना करत होती. "आई, पातळ घे, हलका घे, बॅटरी दिवसभर टिकणारा घे. मला व्यायामाला नेशील तेव्हा दोन-दोन तास बाहेर बसावं लागेल तुला. टेबल नसतं तिथे, मांडीवर घेऊन काम करावं लागेल."

"बटणं उथळ आहेत गं," वन्सं म्हणाली. "दाबलं की नाही ते कळत नाही."

"सवय होईल!"

दीड तास झाला होता. माझे पाय दुखायला लागले होते. मी म्हणाले, "अगं, नवरा निवडताना एवढा वेळ लावला नव्हतास. घे तो पातळ आणि चल."

तिने घेतला.

आठ दिवस सुरळीत गेले. ती माझ्याकडेच राहायला आली होती. सकाळी आठला जेवणाच्या टेबलाशी बसायची, पेडल टेबलाखाली. खटखट नव्हती, नुसतं खुसखुस. मला बरं वाटलं. तिला वाटत नव्हतं. "बहिरी झाल्यासारखं वाटतंय," असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, वयाप्रमाणे होतं ते. बोलण्यापूर्वी विचार करण्याची सवय मला कधी लागली नाही.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. तिने हात ओला म्हणून स्पीकरवर घेतला.

"चव्वेचाळीस मिलिमीटरचा खडा? मूत्रपिंड आहे की दगडाची खाण? चार म्हणालो होतो मी. सही करताना दिसलं म्हणून बरं."

वन्संने टेबलाची कड धरली. चाराचं बटण तिने एकदाच हाणलं होतं, त्या उथळ यंत्राने ते दोनदा धरलं होतं. टाइपरायटरवर असा दुहेरी ठोका कानाला ऐकू येतो, बोटाला लागतो. इथे ना आवाज, ना ठोका. आणि पडद्याकडे बघायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती.

"पुन्हा होणार नाही, डॉक्टर," ती म्हणाली, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली. "झालं असेल, वहिनी. आधीच झालं असेल. आठ दिवसांत अडीचशे रिपोर्ट गेलेत."

"एक चूक झाली म्हणजे—"

"मला एक कळली. किती झाल्या ते कुठे कळलंय?"

त्या दिवसाचं काम उरकून आम्ही बसलो. फाइलींवर पेशंटची नावं नसतात, नुसते नंबर. ती हेडफोन लावून मूळ बोलणं ऐकायची, मी पडद्यावरचे आकडे आणि उजवं-डावं तेवढं मोठ्याने वाचायचे. सव्वीस. हं. उजवं. हं. नऊ पॉइंट दोन. हं. तिचा 'हं' आल्याशिवाय मी पुढच्या आकड्यावर जात नव्हते. माझ्याच जुनाट चष्म्याचा भरवसा वाटेना, म्हणून मी प्रत्येक आकडा दोनदा बघत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. दीडशे झाले, दोनशे झाले, काही सापडेना. मी चहा ठेवायला उठणार होते.

"तेहेतीस," मी वाचलं.

'हं' आलं नाही.

तिने पेडल सोडलं, मागे नेलं, पुन्हा दाबलं. पुन्हा मागे. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. डॉक्टर स्वच्छ म्हणत होते, गळ्याच्या ग्रंथीत तीन मिलिमीटरची गाठ. पुढचं 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य मात्र त्यांनी घाईत अर्धवट गिळलं होतं, ते टाइपच झालं नव्हतं. खाली सही होती. रिपोर्ट जाऊन पाच दिवस झाले होते.

मी काय बोलले ते लिहिते. मी म्हणाले, "सही त्यांनी केली ना? मग बघायला नको होतं त्यांनी? आणि तो पेशंट कुठल्या तरी डॉक्टरकडे जाईलच की, तिथे कळेल." आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. मला समोर नुसती ती पोरगी दिसत होती, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून आईची वाट बघणारी.

वन्सं चिडली नाही. "वहिनी, कुणीतरी पाच दिवस गळ्याला हात लावून बसलंय," एवढंच म्हणाली आणि चप्पल घालायला लागली.

"फोन कर ना."

"फोनवर नाही सांगायचं असलं."

मीही तिच्या मागोमाग हॉस्पिटलात गेले. डॉक्टर दोन पेशंटच्या मधे होते. तिने उभ्यानेच सांगितलं. नंबर सांगितला, तारीख सांगितली, तीन आणि तेहेतीस सांगितलं. कारणं सांगितली नाहीत. डॉक्टरांनी नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडे एक शाळेतली शिक्षिका होती. गाठीत सुई घालून तपासायची सोमवारची तारीख तिला मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, "चूक आमची आहे. गाठ तीन मिलिमीटरची आहे. हो, तीन. मी स्वतः पाहिली आहे." पलीकडे काही वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग शिव्या. डॉक्टरांनी दोन्ही ऐकून घेतलं. वन्सं भिंतीशी उभी राहून तिसऱ्यांदा पदराने चष्मा पुसत होती.

फोन ठेवून ते बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत राहिले.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "हे सापडलं कसं?"

"वहिनींनी वाचून दाखवलं, मी ऐकलं. सगळे."

"अडीचशे?"

"पन्नास राहिलेत. आज होतील."

"तिकडे वाचून कोण दाखवणार? वहिनींना नेणार आहात बरोबर?"

"मला नका पाठवू," मी म्हणाले. "दीड तास दुकानात उभी राहू शकत नाही मी, त्यातूनच हे झालंय."

"मुलगी दाखवेल," वन्सं म्हणाली. "पाय मोडलाय तिचा, जीभ शाबूत आहे. रोज संध्याकाळी बसवीन. नाहीतरी पडून पडून माझ्यावरच खेकसणार."

डॉक्टर हसले नाहीत. "एक महिना," ते म्हणाले. "रोजचे दहा रिपोर्ट मी स्वतः ऐकून ताडून पाहीन. कुठले दहा ते सांगणार नाही. एक आकडा चुकला तरी मला थांबावं लागेल. आणि ते यंत्र बदला."

बाहेरच्या बाकावर ती बसली तेव्हा तिची बोटं मांडीवरच काहीतरी टाइप करत होती. मी ती हातात घेतली.

"घाबरलीस?"

"महिनाभर घाबरायचंय, वहिनी. आजच कशाला सगळं संपवू?"

पातळ लॅपटॉप दुकानाने परत घेतला नाही. तो मी ठेवून घेतला, शिक्षा म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्ही कचेऱ्यांतली वापरलेली यंत्रं विकणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे एक जाडजूड, काळा, कोपरे झिजलेला लॅपटॉप होता. उचलला तर मनगट वाकतं. बटणं मात्र खोल, आणि प्रत्येक ठोक्याला आवाज. वन्सं स्टुलावर बसली, तो मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि नुसते आकडे हाणायला लागली. एक ओळभर एक, एक ओळभर दोन. मी पडद्यावर बोट ठेवून मोजत होते.

वीस मिनिटांनी दुकानदार आला. "बाई, पसंत आहे का?"

"थांबा हो," ती म्हणाली. "अजून तीनवरच आहे."

मी त्याला म्हटलं, मलाही एक स्टूल द्या.