आईच्या हातचा निंब

देवीची लस टोचणाऱ्या टीकेवाल्यानं आईचा दंड धरला अन् झंपराची बाही टरकन फाडली. धंतोलीतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात, सगळ्यायच्या समोर. आई सांगून राहिली होती, मले टीका लागला आहे, साहेब. ऐकते कोण! मालकीणबाई आतून म्हणल्या, “टोचा तिला. रोग यांच्याच वस्तीतून येतो.”

त्या साली नागपुरात देवीची साथ होती. आमच्या वस्तीत पोट्ट्यायनं घरोघरी फिरून, विहारासमोर रांग लावून सगळ्यायले टोचून घेतलं होतं. माहाही हात सुजला, ताप आला. पण बुद्धाची दीक्षा घेतल्यावर देवीमाता कसली अन् तिचा कोप कसला, हे आमच्या घरात पक्कं होतं. टीका नव्हता तो बंगल्यातल्या बाळाले. टोचलं तर माता कोपते, म्हणून बाईनं त्याले देवघरात लपवलं होतं. टीकेवाल्यानं चहा पिला, अन् लेकराचं विचारलंही नाही.

आई तिथं भांडे घासायची, मी बाळाले अंगणात खेळवायची. आत घेताना बाई त्याच्यावर पाणी शिंपडायच्या. तरी माहा त्या लेकरावर लय जीव होता.

मग बाळाले देवी आल्या. तुमच्यामुळेच आल्या म्हणून बाईनं आईले कामावरून काढलं. अन् काही दिवसांनी स्वतःच वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या. आत पाय टाकला नाही. हातात निंबाचे डहाळे.

पहिले आमच्या आजीले असंच बोलवत. मातेसमोर निंब फिरवायचा, तिचा कोप आपल्या अंगावर, आपल्या लेकरायवर मागून घ्यायचा, अन् ओसरीवरूनच घरी यायचं. हे काम आमच्या जातीचं.

“तुमच्या हातचं मातेला चालतं,” बाई म्हणल्या.

आता चालतं! रोग आणायले आम्ही, अन् उतरवायलेही आम्हीच.

आईचे डोळे भरले. तिनं डहाळे घेतले. मले म्हणे, “लेकरू आहे वं, पोरी.” खोटं कशाले सांगू, तिनं जावं असं मलेही वाटलं. मग तो व्हरांडा आठवला अन् माहं डोकं भणाणलं. मी आईच्या हातचे डहाळे काढून बाईच्या पायाशी टाकले.

“माही आई येणार नाही. डॉक्टरले बोलवा. घरात ज्यायले टीका नाही, त्यायले आजच टोचा.”

“बाळाला काही झालं तर तुमच्या माथी,” बाई म्हणल्या, अन् निघून गेल्या.

बाळ वाचलं नाही. मी विहारामागं बसून ढसाढसा रडली. आई मले एका शब्दानंही बोलली नाही, पण कितीक दिवस तिले जेवण गेलं नाही. बंगल्याच्या गल्लीत अजूनही म्हणत असतील, त्यायनं नाही म्हणलं म्हणून लेकरू गेलं. म्हणोत.

त्या बाळाचं दुःख माहं आहे. दोष मी घेत नाही. कोणाच्याही घरचा कोप आता आमच्या अंगावर मागून घेणार नाही. लेकरू किती का लाडकं असेना.