पितळी काडी, लोखंडी काडी

वामनराव गेल्याची बातमी मला कंपनीच्या गेटवर कळली. पहिल्या शिफ्टची माणसं आत शिरत होती, आणि वॉचमन म्हणाला, "भाऊ, तुमचे मास्तर गेले." ते मास्तर नव्हते, आमच्या कारखान्यात टर्नर होते. पण दर रविवारी सकाळी चिंचवडच्या वस्तीत, विहाराशेजारच्या खोलीत, ते कामगारांना नागरिकशास्त्र शिकवत. ग्रामपंचायत म्हणजे काय, कायदा कोण करतं, आपलं मत आपलंच का... मीही जात असे. त्यांना जाऊन महिना झाला. जे त्यांना सांगायला हवं होतं ते आता इथे लिहितो आहे.

लोकशाही इंग्रजांच्या देशातून आली, असं कोणी म्हटलं की ते हसत. "अरे, आपल्या जुन्या भिक्खुसंघात मतं पडत होती राव! रंगीत काड्या वाटायचे. शलाका म्हणत. आणि त्या गोळा करायला असा माणूस निवडायचे, जो कुणाची बाजू घेणार नाही, कुणाला भिणार नाही." सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात कामगार प्रतिनिधीची निवडणूक आली. तोवर हात वर करून मत द्यायची रीत होती आणि समोर कारखान्याचे मॅनेजर साहेब उभे असत. वामनराव उभे राहिले आणि गुप्त मतदानासाठी अडून बसले. निम्म्या लोकांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी लेथवर बोटाएवढ्या काड्या कापल्या. पितळी त्यांची, लोखंडी साहेबांच्या माणसाची. प्रत्येकाला दोन्ही द्यायच्या. त्याने मूठ मिटून एक पेटीत टाकायची, दुसरी पोत्यात. काड्या वाटायला त्यांनी मला बसवलं. मी टाइम ऑफिसात टेम्पररी क्लार्क होतो, सगळ्यांना नावानिशी ओळखत होतो.

मूठ मात्र कोणी मिटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं मत देणारी माणसं, चूक होईल म्हणून माझ्यासमोर तळहात उघडत. कुरुळीचा दगडू तर वाकून कानात म्हणाला, "भाऊ, पिवळीच ना मास्तरांची? न्हाईतर घोटाळा व्हायचा." मी मान हलवली. वामनराव निवडून आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या पर्मनंटचे कागद माझ्याकडे आहेत. पितळी कुणाकुणाच्या?" धमकी एवढीच. मी नावं सांगितली. त्यातल्या तीन टेम्पररी कामगारांना ब्रेक मिळाला, म्हणजे काही दिवसांसाठी कामावरून कमी केलं, आणि परत बोलावणं आलं नाही. दगडू त्यात होता. मी पर्मनंट झालो.

वामनरावांनी माझ्यावर संशय घेतला नाही. ते स्वतःलाच दोष देत राहिले. "आडोसा करायला हवा होता. पद्धत माझीच कच्ची." पुढची सगळी वर्षं, मतदानाचा पाठ आला की ते ही चूक स्वतःच्या नावावर सांगत, आणि मी समोर बसून ऐकत असे. एकदा घरी सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "तिघांच्या पोटावर पाय आला रे माझ्यामुळे..." मी म्हणालो, "वामनराव, सोडा आता ते." खरं बोलायला तेवढी वाट पुरेशी होती.

अंत्ययात्रेत दगडू भेटला. म्हणाला, "मास्तर दर वर्साला घरी यायचे. माफी मागायचे. मला लई वंगाळ वाटायचं." मग मी त्याला सगळं सांगितलं.

"त्यास्नी का न्हाई सांगितलंस?"

"धीर झाला नाही."

"आता मला सांगून काय? रविवारी समद्यांम्होरं बोल."

अखेर मागच्या रविवारी बोललो. तासाच्या शेवटी "शंका?" एवढंच विचारून वामनराव थांबत आणि कोणीतरी तोंड उघडेपर्यंत जागचे हलत नसत. त्या दिवशी ते दगडूने विचारलं. मागून एक वेल्डर उठला. "काका, बाकीच्या दोघांना भेटलात का?"

मी त्या दोघांना शोधलंही नव्हतं. दगडू फळ्यापाशी तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघत, वाट पाहत.