मामाच्या भिंतीतली राख

मी शिकलो ते मामाकडे राहून. सोनपेठजवळच्या त्याच्या गावातून शाळेला गेलो, पुढे परभणीला इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्यानंच भरली. आमच्या आणि मामाच्या, दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. म्हणून मामानं नव्या दोन खोल्या बांधल्या, तेव्हा गिलाव्याचं काम मी मागून घेतलं. शिकवल्याचं काहीतरी परत करावं, एवढंच मनात होतं.

कॉलेजात माझा प्रकल्प साखर कारखान्याच्या राखेवर होता. उसाची चिपाडं जाळून उरलेली ही राख कारखान्यामागे ढिगानं पडते, उडून आजूबाजूच्या कपाशीवर बसते. ती दळून, चाळून सिमेंट-वाळूच्या मसाल्यात थोड्या सिमेंटऐवजी घातली, तर गिलावा पक्का होतो. फक्त तो सावकाश घट्ट होतो आणि पाणी जास्त दिवस मारावं लागतं. मामाला मी हे नीट समजावून सांगितलं.

"तू म्हनशील तसं," तो म्हणाला.

गवंडी हसला. "सायब, राखंनं आमच्यात भांडी घासत्यात."

तरी त्यानं माझ्या सांगण्याप्रमाणे काम केलं. भिंती जरा काळपट दिसत होत्या. मी नोकरीच्या मुलाखतीसाठी परभणीला गेलो आणि पाच-सहा दिवसांनी परतलो, तर विटा उघड्या पडल्या होत्या. खरवडलेला गिलावा अंगणात पडला होता. गवंड्यानं खिळा ओढून बघितला होता, ओरखडा उठला म्हणून गिलावा कच्चा ठरवला होता. पारावर बोलणं सुरू झालं होतं, की भाच्यानं मामाच्या घराला राख फासली. वास्तुशांती तोंडावर आलेली.

"मामा, फोन तरी करायचा."

"केला असता तर तू न्हाई म्हनला असतास," मामा खाली बघत म्हणाला.

दारात नव्या सिमेंटची पोती उतरली होती. मी एक पोतं वळवून बघितलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, की यात औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली आहे. माझ्या मसाल्यासाठी मी मुद्दाम बिनराखेचं सिमेंट परभणीहून आणलं होतं, आणि आता माझी राख काढून तिथं दुसरी राख चढणार होती, तीही माझ्या राखेपेक्षा जास्त. मी ते मामाला आणि गवंड्याला वाचून दाखवलं.

"ती कंपनीची राख हाय सायब," गवंडी म्हणाला. "तिची गोष्ट येगळी."

मामा पोत्याजवळ बसला. अक्षरांवरून बोट फिरवत त्यानं स्वतः वाचलं. त्याला कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खरं हाय तुजं," तो हळूच म्हणाला. "पर मी काय गावभर पोतं वाचून दाखवत फिरू? लय बोलायलेत लोक. राहू दे आता."

मी पोतं होतं तसं वळवून ठेवलं. ज्याच्या अन्नावर वाढलो, त्याच्याशी किती वाद घालायचा? नवा गिलावा झाला. त्यावर पाणी मारायचं काम मात्र माझ्याकडे आलं, आणि मी ते रोज केलं.

वास्तुशांतीला पाहुणे भिंतींवरून हात फिरवत होते. "काम झकास झालंय," कुणीतरी म्हणालं. मामानं गवंड्याला पुढं ओढलं, त्याला टोपी-उपरणं दिलं. मी पंगतीत वरण वाढत होतो.

"आन् भाचा तुमचा इंजिनिअर ना?" पाहुण्यानं विचारलं.

"हाय की," मामा म्हणाला, "पर ते कागदावरचं."

सगळे हसले. मामाही हसला, आणि मी पुढच्या पानाकडे वळलो.